पोती न टाकता केलेली सही

"कुशीवर वळा आणि गुडघे पोटाशी घ्या," निवासी डॉक्टरांनी सांगितलं. टेबलावरचा माणूस वळता वळता म्हणाला, "छत्तीस वर्षं गाडीखाली पडून नट खोलले साहेब. आज माझाच नट खोलायची पाळी आली."

कुणी हसलं नाही. डॉक्टर कमरेच्या हाडावरची जागा बोटानं चाचपत होते, सिस्टर ट्रे मांडत होत्या, आणि मी थर्मोकोलचा बर्फाचा डबा छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होते. मला हसू आलं होतं, पण त्या खोलीत मी नवीन होते.

"सुई आत गेलीय. आता ओढताना कळ येईल."

"ओढा."

त्यांच्या पायांची बोटं आत वळली आणि तशीच राहिली. कातडीला भूल देता येते, हाडाच्या आतल्या त्या ओढीला देता येत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. सिरिंजमध्ये गडद लाल, किंचित कणीदार द्रव चढला. ती अस्थिमज्जा. पहिला हिस्सा रुग्णालयाच्या तपासणीसाठी, दुसरा आमच्या प्रयोगशाळेसाठी. मी नळी बर्फात खोचली तेव्हा त्यांनी मान वळवून डब्याकडे पाहिलं.

"आइस्क्रीम कुणाला न्यायचं?"

"तुमच्या पेशी आहेत काका. प्रयोगासाठी."

"बर्फात? गारठून मरायच्या की."

"मरत नाहीत. मंदावतात फक्त."

"म्हणजे माझ्यासारख्याच," ते म्हणाले. ह्या वेळी सिस्टर हसल्या.

त्यांचं नाव दत्ताजी नाईकवडी. एसटीच्या कोल्हापूरच्या वर्कशॉपातून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. रक्ताचा कर्करोग, औषधांचा पहिला फेरा होऊन आजार परत उलटलेला. मी कोल्हापुरातूनच एम.एस्सी. करून पुण्यात आलेली तेवीस वर्षांची प्रकल्प सहायक होते. गाववाली म्हटल्यावर त्यांनी मला पहिल्या दिवसापासून 'पोरी' केलं.

आमची प्रयोगशाळा रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या वरच्या मजल्यावर होती. दिवसभर खालून वाफेचा आणि खळीचा वास यायचा. डॉ. सुनेत्रा गद्रे तिच्या प्रमुख. त्या दिवशी नळी हातात घेताना त्यांनी विचारलं, "कितवा?"

"नाईकवडी, मॅडम."

"मी नंबर विचारला."

"एकोणीस."

"मग एकोणीसच म्हणायचं. नमुन्याला नाव लागलं की हात हलतो. आणि ऊर्मिला, ओपीडीत जातेस तर लक्षात ठेव. निकालाबद्दल रुग्णाशी एक अक्षर नाही."

"हो मॅडम."

आमचा प्रश्न सांगायला सोपा होता. ह्या कर्करोगाच्या पेशी प्राणवायू किती वापरतात, आणि अस्थिमज्जेतल्या शेजाऱ्यांमुळे तो वापर बदलतो का? हाडाच्या आत त्या एकट्या नसतात. त्यांच्या बुडाशी हातपाय पसरून बसलेल्या, पसरट आधारपेशींचा थर असतो. तो थर आम्ही काचेसारख्या स्वच्छ ताटलीत वाढवायचो आणि आपसात त्याला 'गादी' म्हणायचो. गादी तयार व्हायला दोन आठवडे लागतात. तोवर प्रयोगाचा निम्मा भाग उरकून घ्यायची आमची पद्धत होती: थोड्या पेशी नुसत्याच ताटलीत ठेवायच्या, त्यांच्यावर औषध घालायचं आणि किती मेल्या ते मोजायचं. उरलेल्या पेशी गोठवून गादीची वाट बघायची.

सोमवारी मी संमतीपत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही घ्यायला डे-केअरच्या, म्हणजे दिवसापुरत्या उपचारांच्या विभागातल्या, बाकावर गेले. काका चष्मा लावून चारही पानं वाचायला लागले. शेजारी काकू, मांडीवर थर्मास.

"पहिल्या प्रतीत वाचलंय की काका सगळं. तेच आहे."

"असू दे. वाचल्याशिवाय सही करत न्हाई मी."

"वर्कशॉपातली पोरं वैतागायची ह्यांना," काकू म्हणाल्या.

"वैतागू देत." त्यांनी पान उलटलं. "इंजिन उतरवलं, दुरुस्त केलं, टेस्टिंगच्या स्टँडवर चढवून चालवलं, की म्हणायची, नाईकवडी, करा सही. अगं, स्टँडवर कुठलंबी इंजिन गोडच बोलतं. त्याला ओढायचं काय असतं तिथं? मी म्हणायचो, गाडीत बसवा, वाळूची चाळीस पोती टाका, आंबा घाट चढवून आणा. मग सही."

"आणि चढली नाही तर?"

"तर मी अडकलो घाटात. पाशिंजर न्हाई अडकले."

"दोनदा अडकलेत," काकू म्हणाल्या. "डबा घेऊन कोण गेलं ते विचार की."

काकांनी सही केली. ठसठशीत, खाली दोन रेघा. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "शुक्रवारपर्यंत डॉक्टरांना सांगायचंय. हो का नाही."

डॉक्टरांनी दुसरा फेरा सुचवला होता, नव्या औषधाचा. महिनाभर वॉर्डात राहावं लागणार होतं. लागू पडेल याची खात्री कुणीच देत नव्हतं, आणि पहिल्या फेऱ्यात काय हाल झाले ते दोघांनी बघितलं होतं. काकांच्या मनात घरी जायचं होतं. मलकापूरजवळच्या गावी, परसात, पाणी खेचायचं जुनं डिझेल इंजिन त्यांनी आजारी पडायच्या आठवड्यात खोललं होतं. सगळे भाग पोत्यावर ओळीनं मांडून ठेवलेले.

"कोंबड्या फिरतात त्यातनं," काकू म्हणाल्या. "पण कुणाला उचलू देत नाहीत."

"उचललं तर ओळ मोडंल. मग ते इंजिन कुणाच्या बापाला जोडता यायचं न्हाई." ते थोडं थांबले. "मला तेवढं जोडायचंय."

गुरुवारी दुपारी माझी मोजणी पूर्ण झाली. नुसत्या ताटलीतल्या एकोणीस नंबरच्या पेशी नव्या औषधानं मेल्या होत्या. शंभरातल्या नव्वद. मी तीन वेळा मोजल्या. तिन्ही वेळा तेच. इतका स्वच्छ आकडा मी तोवर बघितला नव्हता.

मला त्या बाजूला काही काम नव्हतं. तरी मी डे-केअरवरून गेले.

"काय गं पोरी," काकांनी हाक मारली, "बर्फातल्या मंडळींची काय खबर?"

"मला सांगायची परवानगी नाही काका."

"म्हणजे वाईट."

"नाही. वाईट नाही."

"मग?"

काकू थर्मासचं झाकण फिरवत होत्या. त्यांचा हात थांबला. मी इकडंतिकडं बघितलं.

"मेल्या," मी म्हणाले. "औषधानं. शंभरातल्या नव्वद."

"नव्वद?"

"तीन वेळा मोजल्या मी."

काकूंनी चहा ओतला आणि पहिला कप मला दिला.

शुक्रवारी त्यांनी डॉक्टरांना हो सांगितलं. सोमवारी ते वॉर्डात भरती झाले.

त्यानंतर आठवड्याभरात गादी तयार झाली. गोठवलेल्या एकोणीस नंबरच्या पेशी वितळवून मी तिच्यावर सोडल्या, औषध घातलं आणि तीन दिवसांनी मोजल्या. शंभरातल्या अडतीस मेल्या होत्या. बाकीच्या जिवंत होत्या, चांगल्या गुटगुटीत. प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर त्यांची रेघ नुसत्या ताटलीतल्या पेशींच्या दुप्पट उंचीवर गेली होती.

माझा पहिला विचार: चूक. पेशी वेचताना गादीच्याही काही उचलल्या गेल्या असतील आणि यंत्र त्यांचाच श्वास मोजत असेल. मी चुंबकाच्या पद्धतीनं पेशी दोनदा वेगळ्या केल्या. रेघ तिथंच. मग गोठवताना बाजूला ठेवलेली शेवटची कुपी काढली. ह्या वेळी गादीच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे जिथं प्राणवायू वापरून ऊर्जा तयार होते त्या इवल्या भट्ट्या, मी आधी हिरव्या रंगानं रंगवल्या आणि मग वर कर्करोगाच्या पेशी सोडल्या. त्यांना रंग लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशींच्या आत हिरवे ठिपके होते. एका ठिकाणी गादीची पेशी आणि कर्करोगाची पेशी यांच्यामध्ये केसाहून बारीक पूल दिसत होता, आणि त्या पुलाच्या मध्यावर एक ठिपका.

मी मॅडमना बोलावलं. त्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

"भट्ट्याच देतायत," त्या शेवटी म्हणाल्या. "अख्ख्या. असं कुठं कुठं छापून आलंय, पण माझ्या डोळ्यांनी बघायला मी सहा वर्षं थांबलेय, ऊर्मिला." त्यांनी वळून बघितलं. "रडतेस काय वेडे? पेढे आण."

"मॅडम, मी त्यांना सांगितलं."

"कुणाला?"

"एकोणीसला. नाईकवडींना. नव्वद मेल्या म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधाला हो म्हटलं."

खाली धुलाईघरातलं यंत्र फिरायचं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. त्या ओरडतील अशी मी वाट बघत होते.

"नव्वद हा आकडा खोटा नव्हता," त्या म्हणाल्या. "पण ताटलीत गादी नव्हती, हे तुला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं."

"मी आत्ता जाऊन सांगते."

"काय सांगशील? अडतीस?"

"हो."

"तीही ताटलीच आहे. ही गादी त्यांची नाही. दुसऱ्याच कुणाच्या हाडातली आपण वाढवलीय."

"मग मी काय सांगू?"

"जे खरं आहे तेवढंच. ते फार थोडं आहे, म्हणून तोंडातून निघायला जड जाईल." त्या उठल्या. "त्यांच्या डॉक्टरांना मी कळवते. तुला तिथं सारखी पाठवणारी मीच. पण वॉर्डात तू जायचंस, मी नाही."

काकांचा वॉर्डातला सतरावा दिवस होता. मी मास्क लावून, हात दोनदा धुऊन आत गेले. केस गेले होते, ओठांना चिरा पडल्या होत्या. गिळताना त्रास होत असावा, कारण बोलायच्या आधी ते थांबून तयारी करत होते. काकू स्टुलावर ताठ बसून होत्या.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. आधी मोजल्या त्या पेशी नुसत्या ताटलीत होत्या. हाडात त्यांच्या बुडाशी असतो तसा थर दिला, तर त्या दुप्पट प्राणवायू वापरतात आणि औषधाला दाद देत नाहीत.

"दुप्पट कशानं?" काकूंनी विचारलं.

"ऊर्जा तयार करायच्या भट्ट्या असतात काकू, पेशींमध्ये. शेजारच्या चांगल्या पेशी त्यांना आपल्यातल्या देतात."

"आम्ही सकाळी शेजारी विस्तव मागायला जायचो, तसं?"

"तसंच."

"आणि ती देते?"

"देते."

"तिला तरी काय ठाऊक," काकू म्हणाल्या, "कुणाचं घर पेटणारंय."

काका छताकडं बघत होते.

"हा थर आधी का न्हाई टाकलास?"

"तयार व्हायचा होता काका. दोन आठवडे लागतात."

"मग थांबायचं."

मी मान हलवली.

"पोती न टाकता सही केलीस," ते म्हणाले.

आवाज चढला नव्हता. वर्कशॉपातल्या कुणा पोरालाही ते असंच म्हणत असतील.

"म्हणजे हे औषध लागू पडायचं नाही?" काकूंनी विचारलं.

"मला माहीत नाही काकू. माझ्या कुठल्याच ताटलीला माहीत नाही. मी नव्वद म्हणाले तेव्हाही माहीत नव्हतं."

"हे त्या दिवशी सांगायला पाहिजे होतंस," काका म्हणाले. "मी हो म्हणालो ते तुझ्या नव्वदावर."

"हो."

त्यांनी डोळे मिटले. काकूंनी चादर नीट केली. थर्मास खिडकीत होता. त्या दिवशी तो उघडला गेला नाही.

त्यानंतर अडीच आठवडे मी वॉर्डाकडं फिरकले नाही. काम केलं. एकोणीसच्या पेशी संपल्या होत्या, म्हणून दुसऱ्या रुग्णांच्या पेशी गादीवर सोडल्या आणि त्यांना श्वास रोखणारं एक रसायन दिलं, तर त्या औषधानं पुन्हा मरायला लागल्या. म्हणजे त्यांचा बचाव त्या उसन्या भट्ट्यांवरच चालला होता. मॅडम खूश होत्या. मीही झाले असते.

चौतिसाव्या दिवशी रुग्णालयाची तपासणी आली. काकांच्या रक्तात आजार होता तसाच होता. डॉक्टरांनी आणखी एक फेरा शक्य आहे असं सांगितलं. काकांनी त्यांना तासभर प्रश्न विचारले, असं सिस्टरनी मला नंतर सांगितलं, आणि मग घरी जायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "नाईकवडी विचारतायत, ती डब्बेवाली पोरगी कुठं गेली म्हणून."

मी गेले तेव्हा ते खाटेच्या कडेला बसले होते, अंगात घरचा सदरा, पायात चपला. काकू पिशव्या बांधत होत्या.

"आणखी एकदा काढायचं असंल तर काढ," ते म्हणाले.

"काय काका?"

"बोनमॅरो. डॉक्टरांशी बोललोय. ते नकोच म्हणत होते, आता गरज न्हाई म्हणून. मी म्हणालो, मला नसंल, पोरीला हाय."

"दुखतं काका. तुम्ही घरी चाललाय."

"मला सांगतीस व्हय दुखतंय म्हणून?" ते जवळजवळ हसले. "हे बघ. मागच्या वेळी नेलंस ते औषधाच्या आधीचं. आता आत जे शिल्लक ऱ्हायलंय, ते महिनाभर त्या औषधाचा घाट चढून आलंय. माझ्याच हाडात, माझ्याच गादीवर. हे बघ काय म्हणतंय ते."

काकू पिशवीची गाठ मारत म्हणाल्या, "घे गं. ठरवलं की ऐकत नाहीत."

मी नवीन संमतीपत्र आणलं. त्यांनी चष्मा लावला आणि चारही पानं वाचली. सही केली, खाली दोन रेघा ओढल्या.

खोली तीच, टेबल तेच. ते कुशीवर वळले. ह्या वेळी ते काही बोलले नाहीत. पायांची बोटं आत वळली. मी त्या बोटांकडं बघत राहिले, सुटेपर्यंत.

मी डबा आणला नव्हता. पेशी न गोठवता लगेच त्यांचा श्वास मोजायचा तर त्या गारठलेल्या नकोत, आणि ह्या पेशींचा मला एक श्वासही बदलायचा नव्हता. नळी मी मुठीत धरली आणि मागच्या जिन्यानं धावत निघाले. ती गरम होती. माझ्या हाताहूनही गरम. वर मॅडम दार उघडून उभ्या होत्या. त्यांनी बर्फ कुठंय म्हणून विचारलं नाही.

"नाईकवडींचा ना?" त्या म्हणाल्या. "आण."

ह्याला आता सात वर्षं झाली. नळीत पेशी थोड्या होत्या, पण ज्या होत्या त्या पहिल्या नमुन्याच्या तिप्पट प्राणवायू वापरत होत्या. रेघ माझ्यासमोर आहे असं अजून वाटतं. एका माणसाच्या एका नळीवरून काही म्हणता येत नाही, म्हणून पुढची चार वर्षं आणखी माणसांच्या नळ्यांवर गेली. माझ्याकडं शिकायला येणारी मुलं तक्रार करतात की गादी तयार होईपर्यंत मी त्यांना एक ताटलीही वाचू देत नाही. मी कारण सांगत नाही.

काका घरी अकरा आठवडे होते. आठव्या आठवड्यात, एका दुपारी, काकूंच्या नंबरावरून फोन आला. मी हॅलो म्हटलं. पलीकडून कुणी बोललं नाही. फक्त आवाज येत होता, जड, एकसारखा, मधूनच किंचित दबणारा आणि पुन्हा वर येणारा.

"काका?"

"ऐकतीस न्हवं?" त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "पंपाला जोडलंय. लोडवर हाय."

"पाणी येतंय?"

"शेवटच्या वाफ्यापर्यंत." ते दमले, थांबले. "आणि तुझं काय म्हणतंय?"

टेबलावर त्यांच्या नळीची नोंद होती, तीन पानांची. खाली माझ्या सहीची जागा रिकामी होती.

"अजून बघतेय काका."

"बघ," ते म्हणाले. पुढं आणखी काहीतरी म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.